राहिलेली फेरी

प्रिय भिंगरी,

तुला माझे मनापासून आशीर्वाद. हे पत्र लिहिण्यास कारण काय, ते मी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिले तर पत्र अर्जासारखे दिसेल, आणि अर्ज मी आयुष्यात कोणाकडेही केलेला नाही. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले, हे तुला ठाऊक आहे. परंतु आमच्या गुरुजींनी जे शिकवले ते पक्के शिकवले, त्यामुळे या पत्रात खाडाखोड सापडणार नाही. तीन वेळा कच्चे लिहून मगच हे पक्के लिहीत आहे. लाकूड कापण्यापूर्वी दोनदा मोजावे असा नियम आहे. कागदाच्या बाबतीत मी एकदा अधिक मोजले.

घरची हकीकत अशी. तुझ्या खोलीची खिडकी आता घट्ट बसते. चौकटीला मी नवी पट्टी मारली, त्यामुळे वारा आत येत नाही. ती उघडताना पूर्वी जो खडखडाट होई तोही थांबला. त्याचे मात्र थोडे वाईट वाटते, कारण तू सकाळी सरावासाठी उठलीस हे मला त्या खडखडाटावरूनच कळत असे. गल्लीच्या टोकाची शिंपीणबाई दुकानाचे दार कुरकुरते म्हणून तीन वेळा सांगून गेली, तेव्हा हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. वरची बिजागरी एक सूत खाली आली होती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. परंतु सुताराचे एक सूत चुकले की दार जन्मभर कुरकुरते. बाई म्हणाली, "काका, या वयात हात थरथरत नाही का हो?" काटकोन तपासायचा गुण्या दाराला लावत मी म्हणालो, "हात थरथरतो, गुण्या थरथरत नाही." ती हसली आणि हसता हसता तिने विचारले, "भिंगरी कधी येणार? चार महिने झाले की!" मी खिळे तोंडात धरले, त्यामुळे उत्तर देता आले नाही. काम संपल्यावरही मी ते खिळे काही वेळ तोंडातच ठेवले.

तुला भिंगरी हे नाव मी दिले, हे तुझा बाप मान्य करत नाही, परंतु ते मीच दिले. चार वर्षांची होतीस. मी रंधा मारत असे आणि तू माझ्या कामाच्या बाकाभोवती गोल गोल पळत असायचीस. केसांत लाकडाच्या ढलप्या, पायांत काही नाही. तुझी आजी ओरडायची, "अहो, तिला थांबवा, चक्कर येईल!" मी म्हणायचो, "भिंगरीला कधी चक्कर येते का?" तिनेच मग तुला पळण्याआधी म्हणायचे ते शब्द शिकवले. "पाय तुझे, वाट तुझी, दम तुझा." हे शब्द मुळात माझ्या आईचे. ती मला शाळेत पाठवताना ते देवाला उद्देशून म्हणायला लावायची, कारण शाळा दोन कोस दूर होती आणि मी तेथवर पळत जायचो. मी तुझ्या आजीला ते सांगितले, तिने तुला सांगितले. मधल्या मधे मी मात्र ते म्हणणे सोडून दिले होते. हे तुझ्या कधी लक्षात आले होते का, मला माहीत नाही. तुझ्या आजीच्या आले होते.

आता त्या दिवसाविषयी लिहितो. टाळून चालणार नाही.

तू डोंगरावरची शर्यत जिंकून आलीस असे मला आधी कळले, आणि न जिंकता आलीस असे नंतर. मधल्या दोन तासांत मी गल्लीभर सांगून मोकळा झालो होतो. कपाटात माझ्या शर्यतीच्या पेल्याशेजारी तुझ्या पदकासाठी जागा केली होती. काचही पुसून ठेवली होती. मग तू आलीस आणि बाकावर बसून सगळे सरळ सांगितलेस. धुके होते. लाल निशाण उजव्या हाताला ठेवून वळायचे, ते तुझ्या डाव्या हाताला राहिले. त्यामुळे चाळीस पावले वाचली. निशाणाजवळचा माणूस गारठलेल्या हातांवर फुंकर घालत पाठमोरा उभा होता. मागून येणारी मुलगी नऊ सेकंद मागे होती, तिनेही पाहिले नाही. पदक गळ्यात पडल्यावर तू परत डोंगर चढून निशाण पाहून आलीस, खात्री करून घेतलीस, आणि पंचांकडे जाऊन पदक टेबलावर ठेवलेस. पदक गेले, आणि जिंकणाऱ्याला मिळणारी प्रशिक्षण केंद्रातली जागाही त्या दुसऱ्या मुलीला गेली. वर तू म्हणालीस की ती मुलगी रडायला लागली म्हणून तिच्या बुटांच्या नाड्या तूच सोडून दिल्यास.

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. तरीही लिहितो, कारण जे बोललो ते कबूल करण्याइतके धैर्य तरी अंगी असावे. मी म्हणालो, "देवानं ताटात वाढलेलं लाथाडून आलीस! चाळीस पावलांसाठी?" तू आवाज न चढवता म्हणालीस, "आजोबा, पळायच्या आधी मीच म्हटलं होतं ना, वाट तुझी म्हणून? मग त्याची वाट सोडून जिंकले, तर ते त्यानं वाढलेलं कसं?" उत्तर नसले की माणूस आवाज चढवतो. मी म्हणालो, "या घरात पळणारा एकच झाला, आणि तो मी. जिंकणं रक्तात असावं लागतं. ते तुझ्यात उतरलं नाही." आणि कपाटातली तुझी तसबीर मी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन आईवडिलांकडे निघालीस. दारातून "येते, आजोबा" म्हणालीस. मी रंधा मारत होतो. त्या फळीला रंध्याची काहीही गरज नव्हती. तू गेल्यावरही मी तो थांबवला नाही, आणि शेवटी ती फळी इतकी पातळ झाली की टाकून द्यावी लागली.

त्यानंतर तुझी दोन पत्रे आली. ती मी वाचली, प्रत्येकी बऱ्याच वेळा. उत्तर दिले नाही.

मागच्या महिन्यात दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या. पहिली ही की सूनबाईचा फोन आला. प्रकृतीची चौकशी झाली, गोळ्या घेतो की नाही याची झाली, आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, हिनं बूट माळ्यावर टाकलेत. पळायला जातच नाही. विचारलं तर म्हणते, आजोबांचं बरोबर असेल, माझ्यात ते नसेलच." मी "बरे" म्हणून फोन ठेवला. सूनबाईला माझा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून तिने पुन्हा फोन केला नाही. परंतु ते वाक्य माझ्या कानात कुसळासारखे राहिले.

दुसरी गोष्ट अशी की लोकरीच्या कपड्यांना कसर लागली. तुझ्या आजीची पेटी ती गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, मी उघडली नव्हती. उघडली आणि एकेक कपडा उन्हात टाकला. तळाशी एक अर्धवट विणलेला गळपट्टा सापडला. त्यात सुया तशाच होत्या. तो राखाडी लोकरीचा आहे आणि शेवटी हिरव्या लोकरीचा एक पट्टा आहे. तेथेच विणकाम थांबले आहे. हा गळपट्टा मी ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने माझ्यासाठी तो विणायला घेतला होता. मी अधूनमधून विचारत असे, "माझा गळपट्टा कधी पुरा होणार?" ती म्हणत असे, "एक ओळ राहिलीय." पुढच्या वर्षी विचारले, तरी "एक ओळ राहिलीय." मुलगा झाला, त्याचे लग्न झाले, तू झालीस, तरी एक ओळ राहिलेलीच. मी तिची थट्टा करायचो की अशा गतीने तू घर बांधायला घेतले असतेस तर आपण अजून पायाच खणत असतो. ती हसायची नाही. माझ्याकडे बघायची, एवढेच. त्या दिवशी उन्हात बसून मी त्या हिरव्या पट्ट्याच्या ओळी मोजल्या. पहिल्यांदा चोवीस भरल्या. चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. चोवीस.

ही चोविसाची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुला सांगतो.

कपाटातल्या त्या पेल्याची शर्यत तुला तोंडपाठ आहे. मीच ती तुला शंभर वेळा ऐकवली आहे. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शर्यत पंचवीस फेऱ्यांची, कारखान्याने भरवलेली, आणि पहिल्या येणाऱ्याला पेला व कारखान्याच्या सुतारखात्यात कायमची नोकरी. माझ्यापुढे तुल्यबळ असा एकच माणूस होता, तो म्हणजे बेकरीवाला. भट्टीवरून थेट मैदानावर यायचा, भुवयांवर पीठ तसेच. मी त्याला इतक्या मोठ्या अंतराने हरवले की तो जवळजवळ एक अख्खी फेरी मागे राहिला, असे मी सांगत आलो. मैदानाच्या फळ्यावर माझी वेळ अजून लिहिलेली आहे. ती आजतागायत कोणाला मोडता आली नाही. मोडणार तरी कशी?

पंचवीस फेऱ्या पळणाऱ्याला स्वतःला मोजता येत नाहीत. दहा-बारा झाल्या की डोक्यात आकडा टिकत नाही. म्हणून प्रत्येक पळणाऱ्यासाठी रेषेजवळ एक माणूस पाटी घेऊन बसत असे. पाटी म्हणजे कड्यांत ओवलेल्या पातळ फळ्या, जणू लाकडी वही. प्रत्येक पानावर किती फेऱ्या उरल्या तो आकडा. पळणारा समोरून गेला की एक पान उलटायचे. त्या वर्षीच्या सगळ्या पाट्या मीच केल्या होत्या, आणि उत्तम केल्या होत्या. सर्वांत शेवटी माझी स्वतःची रंगवली, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी. त्या रंगाला वाळायला दोन दिवस लागतात, हे मला कोणी सांगायला नको होते. परंतु सरावाला उशीर होत होता. मी पाने एकावर एक ठेवली आणि पळायला निघून गेलो.

शर्यतीत बेकरीवाला पहिल्यापासून पुढे होता. निम्म्यापर्यंत वीस पावले, मग चाळीस, मग साठ. माझी छाती फुटायची वेळ आली होती. एका फेरीला मी पाटीकडे पाहिले, अकरा. पुढच्या फेरीला पाहिले, नऊ. पाटी धरणारा टपाल कचेरीतला कारकून होता. भला माणूस, परंतु त्याचे डोळे शर्यतीवर, पानावर नव्हते. मला त्याच क्षणी कळले की दहाचे पान अकराच्या पाठीला चिकटून गेले आणि माझी एक फेरी कमी झाली. माझाच रंग, माझेच पान. हात वर केला असता, एक शब्द ओरडलो असतो, तर झाले असते. मी काय केले? मनात म्हणालो, देव पावला.

पुढे सगळे तुला ठाऊक आहे, फक्त उलटे ठाऊक आहे. माझ्यासाठी शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा मी खरोखर बेकरीवाल्याच्या साठ पावले मागे होतो. लोकांना वाटले की मी जवळजवळ एक फेरी पुढे आहे आणि आता त्याला मागून गाठून ओलांडणार. तो रेषेवरून गेला, मागोमाग मी गेलो, आणि मला लोकांनी खांद्यावर घेतले. त्या खांद्यांवरून मी त्याला पाहिले. तो एकटा पळत होता, त्याची पंचविसावी फेरी. त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. फेरी संपवून तो धापा टाकत माझ्याकडे आला, पिठाचा हात पुढे केला आणि म्हणाला, "सुतारा, आज तू माणसासारखा पळालाच नाहीस. तुझ्या पाठीशी देवच होता." मी तो हात हातात घेतला.

नंतर मला चार शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो, "हा विजय माझा नाही, देवाचा आहे." किती टाळ्या पडल्या! एवढे यश मिळूनही केवढा नम्र माणूस, असे लोक म्हणाले. भिंगरी, पेला खोटा होता तो होताच, परंतु ती नम्रतेची शाबासकीही मी त्याच दिवशी खोटी घेतली. चूक ओल्या रंगाची होती. ती देवाच्या नावावर मी खपवली. मैदान रिकामे झाल्यावर ती पाटी घरी आणली, चिकटलेली दोन पाने सोडवली आणि त्यांच्यावर रंधा मारला. आकडे गेले. सगळ्या पानांची मग मी कपाटाची पाठ केली. तू ज्या कपाटाला लहानपणी नाक लावून उभी राहायचीस, त्यात पेल्याच्या मागे जे लाकूड आहे, ते तेच.

आणि तुझी आजी त्या दिवशी मैदानावर होती. नवी नवरी, शर्यतीतले तिला काही कळत नव्हते. मी तिला एवढेच सांगितले होते की पंचवीस फेऱ्या झाल्या की संपली. तिने हिरवी लोकर जोडली आणि ठरवले की मी समोरून एकदा गेलो की एक ओळ. तिच्या हातून टाका सुटलेला मी जन्मात पाहिला नाही. चोविसाव्या ओळीला लोकांनी मला खांद्यावर घेतले, आणि ती सुया हातात धरून पुढच्या फेरीची वाट पाहत बसली. ती एक अक्षर बोलली नाही. घरातली प्रत्येक वस्तू ती पुसत असे, माझी हत्यारेसुद्धा. परंतु त्या पेल्याला तिने त्रेचाळीस वर्षांत, म्हणजे ती होती तोवर, कधी फडके लावले नाही. मला वाटे की नवऱ्याच्या मानाच्या वस्तूला हात लावायला ती बिचकते. एवढा शहाणा मी.

सकाळी मी देवासमोर बसतो हे तू पाहिले आहेस. देवाकडे मी कधी काही मागत नाही, असे मी तुला मोठ्या अभिमानाने सांगत असे. खरी गोष्ट ही की मागायला तोंड नव्हते. डोळे मिटले की अकरा दिसे, आणि मग नऊ. तू पदक टेबलावर ठेवून आलीस तेव्हा माझा संताप का झाला, हे आता तुझ्या ध्यानात येईल. जे मला भरल्या मैदानात जमले नाही, ते तू विशीतल्या पोरीने धुक्यात केलेस, आणि वर बाकावर बसून मला इतक्या साधेपणाने सांगितलेस, जणू दूध नासले म्हणून सांगावे.

ओळी मोजल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेला पिशवीत घातला आणि बेकरीवाल्याकडे गेलो. त्याची बेकरी आपल्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तरीही पाव मी पार नदीपलीकडून आणायचो आणि याच्या पावाला नावे ठेवायचो, याची तुला आठवण असेल. त्याचा पाव उत्तम असतो, असे शिंपीणबाई म्हणते. पैशाच्या गल्ल्यावर त्याची सून होती. तो आतल्या अंगाला स्टुलावर बसून पीठ चाळत होता. गुडघे गेले आहेत, भुवया अजून पांढऱ्या, आता पिठाशिवायही. मी उभ्यानेच सगळे सांगितले. पाठ करून गेलो होतो, तरी दोनदा अडखळलो. तो चाळत राहिला. मग चाळणी थांबली.

"साठ पावलं?" त्याने विचारले. मी म्हणालो, "साठ." "मोजली होतीस?" मी म्हणालो, "रोज मोजतो." तो सुनेकडे वळून ओरडला, "अगं, ऐकलंस का? मी या सुताराला हरवत होतो!" ती पाव बांधता बांधता म्हणाली, "बरं झालं. चहा ठेवू, की आधी भांडण होणार आहे?" तो मोठ्याने हसला. मला वाटले, सुटलो. मग त्याचे हसणे हळूहळू विरले. तो म्हणाला, "त्या फेरीत मी जीव तोडून पळालो रे. तू मला मागून गाठून पुढे जाऊ नयेस, एवढ्यासाठी. आणि घरी जाऊन बूट भट्टीत घातले. ज्याला अख्खी फेरी मागे टाकतात, त्यानं कशाला पळायचं? आमची ही शेवटपर्यंत म्हणायची, तुम्ही सोडायला नको होतं. तिला जाऊन पाच वर्षं झाली. त्याआधी आला असतास तर तिला सांगितलं असतं." सुनेने चहा आणून ठेवला, तो दोघांसमोर निवला.

मी पेला काढून पिठाच्या पोत्यावर ठेवला. त्याने तो उचलून आतून पाहिला आणि म्हणाला, "मी याचं काय करू? खमीर ठेवू यात? ने परत." मी विचारले, मग काय करू. त्याने चाळणीच्या कडेला बोटे आपटली. मग म्हणाला, "तुझी एक फेरी राहिलीय, सुतारा. ती पुरी कर. पळत नाही तर चालत ये. मी रेषेवर खुर्ची टाकून बसतो. मला बघायचं आहे तुला पंचविसाव्या फेरीला." मी कबूल झालो आणि निघालो. दारापर्यंत आलो असेन, तेव्हा मागून म्हणाला, "आणि ऐक. या खेपेला मोजायला माणूस खरा आण."

म्हणून हे पत्र. खरा मोजणारा माणूस मला सबंध आयुष्यात एकच ठाऊक आहे, आणि त्याची तसबीर मी पालथी घातली होती. ती आता सरळ आहे. पेला परत कपाटात ठेवला नाही, त्यामुळे तिला जागाही ऐसपैस झाली आहे. मैदानाच्या फळ्यावरचा माझा आकडा खोटा आहे, तो पुसावा, असे मी क्रीडामंडळाला लेखी कळवले आहे. ते कळवणे होते. अर्ज हा एवढाच, आणि तो तुझ्याकडे आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी मैदानावर येशील का? आम्ही दोघे म्हातारे, त्याची सून आणि तू, इतकीच माणसे असतील. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी सर्वांना सांगून ठेवले आहे. निघण्यापूर्वी मी आईचे शब्द म्हणणार आहे. इतक्या वर्षांनी जिभेवर नीट येतील की नाही याची खात्री नाही, म्हणून तू शेजारी उभी राहून म्हटलेस तर बरे होईल. येताना माळ्यावरचे बूट घेऊन ये. माझी फेरी झाली की मैदान मोकळेच असेल. एका माणसाचे पळणे माझ्यामुळे सुटले, दुसऱ्याचे सुटू नये. तुला वाटेल ती वाट धरायला तू मोकळी आहेस, परंतु माझ्या शब्दाखातर थांबू नकोस. तो शब्द खोटा होता. या घरात पळणारा एकच झाला, हे माझे म्हणणे मात्र बरोबर होते. कोण, एवढेच चुकले. तुझ्या आजीच्या सुया आणि उरलेली हिरवी लोकर मी बाहेर काढून ठेवली आहे. विणणे मला येत नाही, तुला तिने शिकवले आहे. कपाटाची पाठ मी उचकटली आणि त्यातल्या एका पानाची नवी पाटी केली. एकच पान, त्यावर एकाचा आकडा. मी समोरून गेलो की ते उलटायचे. काळजी नसावी. रंग चांगला आठ दिवस वाळू दिला आहे.

तुझाच,
एक फेरी मागे राहिलेला
आजोबा